उजनीची पाच अक्षरं

मराठीत 'उजनी' लिहायला तीन अक्षरं पुरतात. इंग्रजीत पाच लागतात : यू, जे, ए, एन, आय. काही पाट्यांवर मध्ये आणखी एक जे घुसलेला दिसतो, तेव्हा ती सहा होतात. गोष्ट एवढीशी. पण बँकेत सारी उमर घालवून आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहूनही या पाच अक्षरांकडे मी कधी अक्षरं म्हणून पाहिलं नव्हतं. ते शिकवलं एका तेरा वर्षांच्या मुलीनं, दिवे गेलेले असताना, अंगणात बसून.

ही २०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या शाखेत एक दप्तरी होते. सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणायची. निवृत्तीनंतर ते करमाळा तालुक्यातल्या आपल्या गावी राहतात. गाव उजनीच्या पाण्याच्या काठावर. तिकडच्या भाषेत 'बॅकवॉटरला'. ऐंशीच्या दशकात त्याच भागातल्या एका शाखेचा मी शाखाधिकारी होतो. 'एकदा येऊन जा' असं अण्णा वर्षानुवर्षं फोनवर म्हणत होते. शेवटी एकदा गेलो. जेऊरला रेल्वेतून उतरलो, तर स्वतः घ्यायला आलेले.

"काय साहेब, मायनस बघायला आलात व्हय?"

हा 'मायनस' शब्द उजनीकाठी आता घरातला झाला आहे. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा "औंदा उजनी लौकर मायनसमधी गेली" असं म्हणते. कारण सरळ आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. पण त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा म्हणून धरतात. शून्य टक्के मोजायचं ते या मृतसाठ्याच्या वर. पाणी त्याखाली गेलं की आकडा उणे होतो. त्या उन्हाळ्यात पुढं तो उणे पन्नासच्याही खाली गेला. मी आपला बँकेतला माणूस. मला ते ऐकून एकच शब्द आठवला, ओव्हरड्राफ्ट. शिल्लक संपल्यावरही उचलत राहायचं.

संध्याकाळी अण्णा मला पाण्याकडे घेऊन गेले. पाणी बरंच आत सरलं होतं. जिथं लाँच लागायची तिथं भेगाळलेला काळा गाळ होता. शेतकरी मोटारी आणि पाइप घेऊन पाण्याच्या मागे मागे गेले होते. कुणी चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणत होतं. लांबवर चिलापीची जाळी पसरलेली. आणि मध्येच दगडांच्या काही ओळी वर आलेल्या. "ते आमचं जुनं गावठाण," अण्णा म्हणाले. "ती तिसरी ओळ दिसती न्हवं, तिथं आमची ओसरी." पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ असंच पाणी ओसरलं की उघडं पडतं, आणि लोक ते पाहायला गाड्या करून येतात. ओसरीच्या दगडांकडे कोण येणार? मीही थोडा वेळ पाहिलं आणि परतलो.

रात्री वीज गेली. अंगणात सतरंजी टाकली होती. अण्णांची नात, सातवी संपवून आठवीत जाणारी, आणि शेजारपाजारची चार-पाच पोरं गोल करून बसली होती. मला वाटलं, गाण्याच्या भेंड्या चालल्या असतील. जवळ गेलो तर हातात वही, मध्ये बॅटरी, आणि शेजारी पानं सुटलेली एक डिक्शनरी.

"काय खेळताय?"

"अक्षरं," नात म्हणाली. "आजोबा, तुम्ही खेळता का? कुणीतरी चार-पाच इंग्रजी अक्षरं द्यायची. ती सगळी ज्यात आहेत असा शब्द शोधायचा. ज्याचा शब्द सगळ्यांत लांब, तो जिंकला. अक्षरं कुठल्याही क्रमानं आली तरी चालतात. मध्ये दुसरी अक्षरं चालतात. डिक्शनरी चालते. मोबाइल चालत न्हाई."

शाळेतल्या सरांनी दर शनिवारी फळ्यावर अशी अक्षरं लिहून द्यायची पद्धत पाडली होती. सोमवारी ज्याचा शब्द लांब, त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहायचं. सुट्टी लागणार म्हणून मुलांनी खेळ घरी आणला होता.

मी मांडी घालून बसलो. चाळीस वर्षं इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला माणूस. पोरांपुढे काय घाबरायचं? नातीनं अक्षरं दिली : यू, जे, ए, एन, आय. "उजनी," ती म्हणाली.

मी क्षणभर विचार केला आणि ऐटीत म्हणालो, "जानेवारी."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांत लहान पोरगं किंचाळलं, "आजोबा, जानेवारीला आय न्हाई!"

काय हसली ती सगळी! अण्णाही हसले. मी मनात जानेवारीचं स्पेलिंग घोकून पाहिलं. खरंच, जे आहे, ए आहे, एन आहे, यू आहे, आय नाही. शिवाय महिन्याचं नाव म्हणजे विशेषनाम, तेही चालत नव्हतं. पहिल्याच चेंडूवर दांडी गुल.

ती हसत असताना मला माझी पाचवी आठवली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. आज उजनीकाठचं सहा वर्षांचं पोरगंही एबीसीडी म्हणतं. आम्ही मात्र त्या सव्वीस अक्षरांना पाहुण्यासारखे नाही, पोलिसांसारखे भ्यायचो. स्पेलिंग चुकलं की छडी. म्हणून मग स्पेलिंग लक्षात ठेवायच्या युक्त्या एका पिढीनं दुसरीला दिल्या. 'असॅसिनेशन' हा शब्द लिहायचा तर गाढवावर गाढव, त्यावर मी, माझ्यावर राष्ट्र. 'लेफ्टनंट' लिहायचा तर खोटं, तू, दहा, मुंग्या. इंग्रजीतला सगळ्यांत लांब शब्द कोणता? 'स्माइल्स', कारण दोन एसच्या मध्ये एक मैल! पाचही स्वर असलेला शब्द? 'एज्युकेशन'. हे प्रश्न आमच्या गुरुजींनी घातले, त्यांच्या गुरुजींनी त्यांना घातले असतील. त्या वेळी ती नुसती गंमत वाटायची. आता कळतं, अपरिचित भाषेला आपल्या अंगणात बसवायची ती एक धडपड होती.

आणि ही अक्षरं मागेपुढे करण्याची हौस काही आपलीच नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाच्या एका वास्तुविशारदाची नोकरी गेली. रिकामपणी तो वर्तमानपत्राची पहिली पानं घेऊन बसला आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजू लागला. त्या मोजणीतून त्यानं जो खेळ बेतला, तो १९४८ पासून 'स्क्रॅबल' या नावानं जगभर गेला. त्यात 'ई' च्या बारा सोंगट्या असतात आणि 'जे' ची एकच. 'ई' ला एक गुण, 'जे' ला आठ. फ्रान्समध्ये १९६५ साली टीव्हीवर एक कार्यक्रम सुरू झाला, त्याचं नावच मुळी 'सर्वांत लांब शब्द' अशा अर्थाचं होतं. त्याचाच इंग्रजी भाऊ 'काउंटडाउन' १९८२ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर आला. ते चॅनेल सुरू झालं तेच या कार्यक्रमानं. नऊ अक्षरं, तीस सेकंद, आणि जास्तीत जास्त लांब शब्द. घड्याळ टिकटिकत असतं आणि सारं घर टीव्हीपुढे कागद-पेन्सिल घेऊन बसतं.

मराठीत हा खेळ नीट जमत नाही. आपलं अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट येतं. त्याला सुटं करून दुसरीकडे नेणं अवघड. आपण म्हणून 'ती होडी जाडी होती' सारखी उलटसुलट सारखीच वाचता येणारी वाक्यं केली. रोमन अक्षरं मात्र सुट्या मजुरांसारखी. ज्याच्या रानात बोलवाल त्याच्या रानात जातात.

तर नातीनं मला शिकवायला घेतलं. तिची रीत ऐकून मी चकित झालो, कारण ती रीत पक्की हिशेबी होती.

"आधी अडणारं अक्षर बघायचं. इथं जे अडतंय. ए, एन, आय कुठंबी मिळतात."

बरोबर. आम्ही बँकेत ताळेबंद जुळत नसला की आधी मोठ्या, विचित्र रकमेच्या मागे लागायचो. शंभर-पन्नासच्या नोंदी शेवटी. इंग्रजीत जे, क्यू, एक्स, झेड ही दुर्मीळ अक्षरं. जे ला धरलं की निम्मं शोधकाम उरकलं.

"मग जे च्या शेजारी यू बसवायचा. जे-यू. जज, जस्ट, ज्युरी, जून, जंप. आता ए, एन, आय राहिले. त्यांची शेपटी तयारच असती."

"कुठली?"

"एशन! ए-टी-आय-ओ-एन. त्यात ए पण आहे, आय पण आहे, एन पण आहे. तिन्ही एकदम."

मी कपाळाला हात लावला. अहो, इंग्रजीतले हजारो शब्द या 'एशन' मध्ये संपतात. म्हणजे पुढं जे-यू, मागं एशन. मधली जागा तेवढी भरायची. मुलं धडाधड शब्द काढू लागली. 'ज्युबिलेशन' म्हणजे जल्लोष : दहा अक्षरं. 'कॉन्जुगेशन' म्हणजे क्रियापद चालवणं : अकरा. 'सब्जुगेशन' म्हणजे अंकित करणं : तेही अकरा. मी माझी अब्रू राखायला 'जर्नलिस्ट' टाकला, दहा भरले. मग पुन्हा विचार करून 'ॲडज्युडिकेशन' म्हणालो. बारा! कोर्टकचेरीचा शब्द, न्यायनिवाडा. उजनीला तो परका नाही. भीमा ही कृष्णेची उपनदी. कृष्णेच्या पाण्याच्या वाटणीसाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९७६ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी १९५६ चा जो कायदा आहे, त्याच्या पहिल्याच ओळीत हा शब्द बसलेला आहे.

इथं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उजनीची अक्षरं फिरून फिरून कोर्टाच्या दारातच का जात होती? त्याला कारण आहे. लॅटिनमध्ये कायद्याला, हक्काला जो शब्द होता तो जे-यू-एस असा लिहितात. जस्टिस, जज, ज्युरी, ज्युरिस्डिक्शन हे सगळे त्याच घराण्यातले. 'इन्ज्युरी' म्हणजे इजा. तीही मुळात अन्यायच. त्यामुळे जे आणि यू जोडीनं आले की इंग्रजी भाषा आपोआप न्याय-अन्यायाचं बोलू लागते. योगायोगच, पण धरणाच्या काठावर, अंधारात बसून हा योगायोग ऐकताना जरा वेगळं वाटतं.

बारा अक्षरांवर मी जिंकलो असं समजून सुपारी कातरायला घेतली. नात डिक्शनरीत डोकं घालून बसली होती. जे ची पानं तिनं पालथी घातली. ती फार नसतात. मग ती मागे यू कडे गेली. "पुढं अन लावून बघते," म्हणाली. दोन-तीन मिनिटांनी तिनं बॅटरी पानावर टेकवली आणि एकेक अक्षर वाचलं : यू-एन-जे-यू-एस-टी-आय-एफ-आय-ए-बी-एल-ई.

"तेरा! आजोबा, अनजस्टिफायेबल. म्हणजे काय हो?"

म्हणजे काय? ज्याचं समर्थन करता येत नाही असं. मी तिला सांगितलं. ती लिहून घेऊ लागली. पोरं 'जिंकली, जिंकली' म्हणून ओरडली. आणि मला, का कोण जाणे, ३५ वर्षांपूर्वीचा एक चेक आठवला.

त्या काळी धरणात जमिनी गेलेल्या काही लोकांचे वाढीव मोबदल्याचे दावे निकाली निघत होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तशी सोय होती : मोबदला कमी वाटला तर कोर्टाकडे मागता येई. निकाल लागले की वर्षादोनवर्षांनी चेक यायचे. एक दिवस एक म्हातारी आजी आमच्या शाखेत असा चेक घेऊन आली. कपाळ उघडं, पदर डोक्यावरून, अंगठ्याचं खातं. चेक हातात घेतला आणि पासबुक उघडलं. आजीच्या नावात 'ठ' होता. चेकवर तो टी-एच असा लिहिला होता. आमच्या पासबुकात आणि लेजरमध्ये नुसता टी. मराठीत नाव एकच. इंग्रजीत एक एच जास्त.

खातं उघडताना तो एच कुणी गाळला? आमच्याच शाखेतल्या कुणा कारकुनानं, घाईघाईत. आजीला त्यातलं काय ठाऊक? पण मी नवा नवा शाखाधिकारी. सरकारी चेक, रक्कम मोठी, तपासनीस पुढच्या महिन्यात येणार. मी चेक परत केला. 'नावात फरक' अशी शेऱ्याची चिठ्ठी लावली आणि सांगितलं, "आजी, सोलापूरला जाऊन नाव दुरुस्त करून आणा."

खरं तर मार्ग होते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, गावातल्या दोन प्रतिष्ठितांच्या सह्या, एक हमीपत्र, आणि शाखाधिकाऱ्याची थोडी छाती. आमच्याच चुकीचा एच आम्हीच भरून काढायला हवा होता. पहिल्या तीन गोष्टी जमल्या असत्या. चौथी माझ्याकडे नव्हती.

आजी गेली. परत आली. पुन्हा गेली. कुणी साहेब रजेवर, कुणी शिक्का नाही म्हणाला. त्या काळी चेकची मुदत सहा महिने असे. २०१२ पासून ती तीन महिने झाली. सहा महिने सरले आणि चेक शिळा झाला. बँकेत असा चेक कागदाचा तुकडा. नवा चेक येईपर्यंत आणखी चार महिने गेले. मधल्या काळात तिच्या घरात लग्न होतं. ते तिनं व्याजाचे पैसे काढून उरकलं. हे मला नंतर कळलं. पैसे अखेर जमा झाले तेव्हा तिनं मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून टोचतो.

एक एच. 'भीमा' मधला एच काढला तर इंग्रजीत 'बिमा' उरतो, म्हणजे विमा. त्याच्यावर हसता येतं. आजीच्या नावातल्या एचवर हसता येत नाही.

पोरं झोपायला गेल्यावर मी अण्णांना म्हणालो, "ती आजी आठवते का हो? टी-एच वाली?"

"न आठवायला काय झालं?" अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "जाऊन लई वर्षं झाली तिला. साहेब, सोलापूरच्या दोन खेपांचं एस्टीचं भाडं म्याच दिलं हुतं. तुम्हाला बोललो न्हाई. म्हटलं, साहेबांना वाईट वाटंल."

म्हणजे शाखेत ज्याला सगळ्यांत कमी इंग्रजी येत होतं, त्यालाच तो शब्द कळला होता. मी पुढं काही बोललो नाही. लांब पाण्यावर एखादा पक्षी ओरडत होता.

सकाळी चहाच्या वेळी अण्णांचा मोठा नातू मोबाइल घेऊन आला. हा पुण्यात शिकतो, सुट्टीला आलेला. "आजोबा, हे एवढं कशाला करायचं? इथं अक्षरं टाका, एका सेकंदात सगळे शब्द." त्यानं टाकून दाखवलं, आणि आली की भली मोठी यादी. त्यात 'ज्युरिस्डिक्शनल' होता, चौदा अक्षरांचा. म्हणजे नात एका अक्षरानं हरली होती.

हे यंत्र करतं तरी काय? काही जादू नाही. त्याच्या पोटात सगळी डिक्शनरी असते. एकेक शब्द घ्यायचा, त्यात कुठलं अक्षर किती वेळा आहे याची मोजदाद करायची, आणि मागितलेली अक्षरं त्यात भागतात का पाहायचं. थेट आमचं लेजर : प्रत्येक अक्षराचं एक खातं, प्रत्येक खात्यात एक शिल्लक. एखादं अक्षर दोनदा मागितलं आणि शिल्लक एकाचीच असली, की ओव्हरड्राफ्ट, शब्द नापास. आणखी एक युक्ती आहे. शब्दातली अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावून ठेवायची. 'हार्ट' म्हणजे हृदय आणि 'अर्थ' म्हणजे पृथ्वी या दोन्ही शब्दांची अक्षरं तशी लावली तर एकच ओळ मिळते : ए-ई-एच-आर-टी. तीच ती पाच अक्षरं. मांडणी तेवढी वेगळी.

नात मात्र मोबाइलच्या यादीकडे फारशी बघेना. "त्याला शब्द सापडला," ती म्हणाली, "पण त्याला शेपटी कुठं सापडली?" या वाक्यावर मी तिला दहाची नोट देऊ केली, तिनं घेतली नाही.

कुणी म्हणेल, ही श्रीमंतांच्या पोरांची करमणूक उजनीकाठच्या पोरांना काय कामाची? तर मी बँकेतला माणूस म्हणून सांगतो, फार कामाची आहे. बँकांच्या भरती परीक्षांत हा प्रश्न ठरलेला असतो : अमुक चार अक्षरांपासून, प्रत्येक अक्षर एकदाच वापरून, किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द होतील? शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतही अक्षरांची अशीच उलथापालथ असते. जे पोर अंगणात ही अक्षरं खेळलं, ते परीक्षेत त्यांना भीत नाही. पण माझ्या मते खरा फायदा त्याहून मोठा आहे. ज्याला अक्षरं हलवता येतात त्याला कुणी 'नावात फरक' म्हणून सहज परत पाठवू शकत नाही. ते पोर विचारेल, "कुठला एच? कुणी गाळला?" आजीला हा प्रश्न विचारता आला असता तर मी काय उत्तर दिलं असतं, याचा मी अजून विचार करतो.

निघताना पोरांनी 'भीमा' ची अक्षरं खेळून दाखवली. बी, एच, आय, एम, ए. एकानं 'ब्लॅकस्मिथ' काढला, म्हणजे लोहार. दुसऱ्यानं 'हिमोग्लोबिन', त्याच्या आईच्या तपासणीच्या कागदावर तो रोज पाहत होता. इंग्रजांच्या जुन्या वळणाचं स्पेलिंग धरलं तर त्यात ए येतो, म्हणून तो पास. मी 'एस्टॅब्लिशमेंट' टाकला, आणि वर सांगितलं की याच शब्दाला मागेपुढे जोडत गेलं की अठ्ठावीस अक्षरांचा 'ॲन्टिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' होतो, आणि त्याच्या पोटातही भीमा आहे. पोरांनी तो शब्द तीनदा म्हणून घेतला. मला थोडं बरं वाटलं.

नातीनं विचारलं, "आता तुम्ही अक्षरं द्या. जाताना."

मला दुसरं काय सुचणार? म्हणालो, "एल, ओ, ए, एन. लोन."

दोन दिवसांनी फोन आला. "आजोबा, लोनचा शब्द सापडला. चौदा अक्षरांचा. डिक्शनरीत न्हाई, आमच्या कपाटात."

"कपाटात?"

"अण्णांच्या फायलीत. धरणग्रस्ताचे कागद आहेत न्हवं, त्याच्यावर शिक्का आहे. रिहॅबिलिटेशन."

मी कागद-पेन्सिल घेतली आणि अक्षरं मांडली. आर-ई-एच-ए-बी-आय-एल-आय-टी-ए-टी-आय-ओ-एन. एल आहे, ओ आहे, ए दोन आहेत, एन आहे. चौदा. पुनर्वसन. महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्येच केला होता. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याच्या तर नावातच हा शब्द आहे. माझ्या नोकरीत मी तो किती कागदांवर वाचला असेन, त्याला गणती नाही. त्यात लोन दडलेलं मला कधी दिसलं नव्हतं.

"अजून सांगू?" ती म्हणाली. "मी ह्याच्यातनं छोटे शब्द काढत बसले. ह्याच्यात होम होत न्हाई, एम न्हाई. लँड होत न्हाई, डी न्हाई. वॉटर होत न्हाई, डब्ल्यू न्हाई. रिव्हर न्हाई, फार्म न्हाई. नेशन पण होत न्हाई, एक एन कमी पडतो."

"मग होतं तरी काय?"

"रेशन होतं. ट्रेन होतं. बोट होतं. रेन होतं. आणि हॅबिटेशन होतं, दहा अक्षरांचं. सर म्हणाले, हॅबिटेशन म्हणजे वस्ती. आणि हार्ट होतं, आणि त्याच अक्षरांचं अर्थ पण होतं."

मी विचारलं, "अण्णांना दाखवलंस का?"

"दाखवलं. ते म्हणाले, वस्ती हाय न्हवं त्यात? मग बास."

फोनवर पलीकडे लाँचचा आवाज येत होता. ती पुढची अक्षरं मागत होती. मी तिला त्या आजीच्या नावाची अक्षरं दिली. कुणाची ते सांगितलं नाही. एच धरून दिली.